अभिरुचीची स्थित्यंतरे : लेखांक सातवा
ख्रिस्ती रॉक आणि नभोवाणीची केंद्रे

लोकांची आवड पालटली म्हणून संगीत पालटले, असे आपण सर्रास म्हणतो. परंतु आवड जडण्यापूर्वी ती चीज कानावर पडावी लागते, आणि ती कोणत्या वेळी व कोणाच्या मर्जीने पडावी हे ठरविणारा इसम बहुधा गायकही नसतो आणि श्रोताही नसतो. गेल्या आठवड्यात ध्वनिमुद्रिकेचा विचार झाला. आता त्या ध्वनिमुद्रिकेची वाट मोकळी करणाऱ्या किंवा अडविणाऱ्या नभोवाणी-केंद्राकडे वळणे प्राप्त आहे, आणि त्यासाठी अमेरिकेतील ख्रिस्ती रॉकच्या कहाणीइतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

१९६९ साली कॅपिटॉल कंपनीने लॅरी नॉर्मन या बावीस वर्षांच्या तरुणाची ‘अपॉन धिस रॉक’ ही ध्वनिमुद्रिका काढली. खांद्यावर रुळणारे केस, विजेची गिटार, आणि गाण्याचा विषय येशू ख्रिस्त! रॉक वाजविणाऱ्या केंद्रांना त्यात धर्म अधिक वाटला, धार्मिक केंद्रांना त्यात रॉक अधिक वाटले, आणि दोन्ही दारे एकाच वेळी बंद झाली. १९७२ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’ची गत फारशी निराळी झाली नाही, तीत व्हिएतनामचे युद्ध होते, मादक द्रव्ये होती, गुप्तरोगाचा उघड उल्लेख होता, आणि या सर्वांच्या मधोमध, कोणतीही सारवासारव न करता, प्रभूला शरण जाण्याचे आवाहन होते. पुढे हीच ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१३ सालच्या यादीत जतनयोग्य ठेवा म्हणून नोंदविली. तिच्या योग्यतेविषयी मला कधीच संदेह वाटला नाही. ती नाकारली गेली त्याची कारणे मात्र तपासून पाहण्याजोगी आहेत.

त्या काळची धार्मिक केंद्रे संगीतावर चालत नसत. पंधरा मिनिटे, अर्धा तास असा वेळ निरनिराळ्या प्रवचनकारांना विकत द्यावा, प्रवचनकारांनी श्रोत्यांकडून टपालाने येणाऱ्या देणग्यांतून त्याचे मोल चुकते करावे, आणि दोन प्रवचनांच्या मधल्या फटीत एखादे सौम्य स्तोत्र वाजवावे, अशी त्यांची वहिवाट होती. ज्याच्या पैशावर केंद्र चाले तो प्रवचनकार वयाने प्रौढ, त्याला देणगी धाडणारा श्रोताही प्रौढ; अशा ठिकाणी ढोलांचा कल्लोळ वाजवून आपल्याच अन्नदात्याला दुखविण्याची छाती कोणत्या व्यवस्थापकाला व्हावी? ही पद्धत आपल्या कानांनाही अगदीच अपरिचित नाही. रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवर हिंदी चित्रगीतांच्या शोधात सुई फिरविणाऱ्या माझ्या पिढीला परदेशी मिशनांचे कार्यक्रम मध्येच भेटत, आणि त्यांतल्या ‘व्हॉइस ऑफ प्रॉफेसी’च्या टपालशाळेचा पत्ता तर थेट पुण्याचा असे. त्या लहरी मध्येच विरून जात आणि पुन्हा उसळून येत, निवेदकाचे अर्धे वाक्य खरखरीत बुडे. परंतु कोणीतरी दूर बसून आपल्यासाठी बोलत आहे ही जाणीव इतकी सुखाची असे की ते प्रवचन आमच्यासाठी नसतानाही आम्ही ते संपेपर्यंत ऐकत बसत असू.

हा अमेरिकेतील पेच सुटला तो धर्मशास्त्रातील वादाने नव्हे, तर एका सरकारी नियमाने. एकाच मालकाच्या मध्यमलहरीवरील केंद्राचा कार्यक्रम त्याच्याच एफ.एम. केंद्रावरून जसाच्या तसा वाजविण्याचा प्रघात तेव्हा होता. लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत असे निम्म्याहून जास्त वेळ करता येणार नाही, असा नियम तेथील दळणवळण आयोगाने १९६४ साली केला. त्यामुळे मालकांच्या हाती रिकामे तास आले आणि ते भरून काढण्यास स्वस्तात मिळणारे तरुण निवेदक आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या के.एम.पी.एक्स. या एफ.एम. केंद्रावर टॉम डोनाह्यू या निवेदकाने १९६७ साली जे सुरू केले त्याचे वर्म एवढेच होते, की कोणती तबकडी लावावी हे निवेदकाने स्वतः ठरवावे, तीन मिनिटांच्या गाण्याचे बंधन मानू नये, आणि श्रोत्याशी घरच्या माणसासारखे बोलावे. न्यूयॉर्क राज्यातील फ्रीव्हिल या लहानशा गावातून स्कॉट रॉस हा निवेदक याच मोकळेपणाने ख्रिस्ती गीते आणि बाजारातील रॉक एकाच कार्यक्रमात गुंफू लागला, व त्याचा तो कार्यक्रम पुढे अनेक केंद्रांनी घेतला. ज्याने आदल्या क्षणी आपल्या आवडत्या वाद्यवृंदाची तबकडी लावली, त्यानेच पुढचे येशूचे गाणे लावले, म्हणून ते ऐकले गेले. निवेदकाच्या पसंतीवर श्रोत्याचा जो विश्वास असतो, त्याच्याच आधारे नवे संगीत जुन्या कानात शिरते.

तिकडे कॅलिफोर्नियात या गीतांना स्वतःचे केंद्रच मिळाले. कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपलमध्ये चक स्मिथ या पाळकाने अनवाणी, केसाळ हिप्पी तरुणांना गिटारीसह आत घेतले, १९७१ साली तेथूनच ‘मारानाथा’ ही ध्वनिमुद्रिकांची संस्था निघाली, आणि १९७५ साली त्याच ऑरेंज परगण्यातील सांता ॲना येथले के.वाय.एम.एस. हे केंद्र अहोरात्र हेच संगीत वाजवू लागले.

ढोल आणि विजेची गिटार यांना झालेला विरोध निव्वळ हेकटपणाचा होता असे मी म्हणणार नाही. उपासनेच्या स्वरांशी माणसाचे बालपण, त्याच्या घरची लग्ने नि मृत्यू जोडलेले असतात, आणि ते स्वर कोणी बदलू लागले की आपल्या मृतांनाच कोणी घराबाहेर काढीत आहे असे वाटते. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर विलायती चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांच्या जोडीला अभंग, ओवी आणि भजन मंडळीत आणले. जो छंद उपासनेस परका मानला जात होता तोच त्यांनी उपासनेचे वाहन केला, आणि आज मराठी ख्रिस्ती मंडळींची उपासना त्यांच्या पदांवाचून कल्पिताही येत नाही. नॉर्मनने केले ते याच जातीचे. मात्र टिळकांचा छंद आपल्या श्रोत्यांच्या आजोबांना ठाऊक होता, आणि नॉर्मनचा छंद आजोबांच्या विरोधात जन्मला होता, हा भेद नजरेआड करून चालणार नाही.

अमेरिकेत ऐंशीच्या दशकात दरवाजे सताड उघडले. एमी ग्रँट हिच्या ‘एज टू एज’ या १९८२ सालच्या ध्वनिमुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचा पोशाख करून श्रोत्यांत नव्या कराराच्या प्रती भिरकावणारा ‘स्ट्रायपर’ हा वाद्यवृंद कर्कश धातुरॉक घेऊन आला. जिमी स्वॅगर्ट या प्रवचनकाराने १९८७ साली या साऱ्याविरुद्ध एक अख्खे पुस्तक लिहिले. आणि १९९१ साली ग्रँटचे ‘बेबी बेबी’ हे प्रेमगीत देशभरच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा तिच्यावर धर्म सोडल्याचा ठपका ठेवणारेही पुष्कळ निघाले.

माझ्या मते खरे स्थित्यंतर याच्यानंतरचे आहे. सांता रोझा येथे १९८२ साली एका लहान केंद्रापासून सुरू झालेल्या ‘के-लव्ह’ या ख्रिस्ती नभोवाणी-जाळ्याने उपग्रहाच्या साहाय्याने एकच कार्यक्रम गावोगावच्या शेकडो मनोऱ्यांवरून पोहोचविण्याची तजवीज केली, १९९६ च्या कायद्याने एका मालकाने किती व्यापारी केंद्रे बाळगावी यावरची देशव्यापी मर्यादा उठविली, आणि निवेदकाच्या पसंतीची जागा पाहणीच्या आकड्यांनी घेतली. ख्रिस्ती नभोवाणीच्या व्यवसायात एका कल्पित श्रोत्रीला ‘बेकी’ असे नावच आहे: मध्यम वयाची, मुलांना मोटारीतून शाळेत नेणारी गृहिणी. जे गाणे ऐकताना तिला आवाज कमी करावासा वाटेल ते वाजवायचे नाही. आपल्या घरच्या वाहनात मुलांना निर्धास्तपणे ऐकविता येईल असे संगीत हवे असणे यात गैर काही नाही, आणि त्या आईबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु एका कल्पित व्यक्तीच्या शांततेवर साऱ्या देशाची धार्मिक अभिरुची बेतली जाऊ लागली, की शंका, संताप, पश्चात्ताप हे स्तोत्रसंहितेतले अर्धे भाव गाण्यातून हद्दपार होतात.

३१ मे २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यू.पी.एल.जे. केंद्राने श्रोत्यांचा निरोप घेतला. स्वस्त मद्य आणि लिंबाच्या रसाच्या मिश्रणावरील एका जुन्या गीतावरून ज्याचे नाव पडले होते, ज्याच्यावर सत्तरीच्या दशकातील तरुणांनी रॉक ऐकून आपली संध्याकाळ काढली होती, त्या केंद्राचा ताबा ‘के-लव्ह’च्या चालकांकडे गेला होता. शिकागोतील आणि लॉस एंजेलिसमधील रॉकच्या नामांकित केंद्रांची वासलात त्याच्या आधीच अशीच लागली होती. त्या जुन्या श्रोत्यांचे दुःख मला समजते, कारण केंद्र जाते तेव्हा गाणी जात नाहीत, ती कोठेही मिळतात; जातो तो ती निवडणारा ओळखीचा माणूस. आणि १९६९ साली दोन्ही दारांबाहेर उभ्या राहिलेल्या त्या लांब केसांच्या तरुणाची बाजू जिंकली असे म्हणावे, तर व्हिएतनाम, मादक द्रव्ये नि गुप्तरोग यांची नावे घेऊन ख्रिस्ताकडे बोलावणारी त्याची गाणी ‘बेकी’च्या मोटारीत वाजतील असे मला वाटत नाही.