जुन्या मोटारीचे झिजलेले धक्काशोषक

पुणें जिल्ह्यांतील पुष्कळ बागायतदारांपाशीं हल्लीं एखादी उंच व दणकट बांध्याची जुनी मोटार असते. १९९४ सालीं निघालेली व पुण्यास तयार होणारी टाटा सुमो (जिचें नांव सुमंत मुळगांवकर ह्यांच्या नांवाच्या व आडनांवाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ठेवलें होतें) २०१९ सालीं बनावयाची बंद झाली. तरी त्या जातीच्या गाड्या अद्याप खेडोपाडीं धांवतांना दिसतात. २००० सालीं निघालेल्या महिंद्र बोलेरोच्या जुन्या गाड्यांचीहि गोष्ट तीच. अशा गाडीचें इंजिन नीट राखल्यास वर्षानुवर्षें टिकतें, आणि मालकाचें सारें लक्षहि तिकडेच असतें. तेल बदललें, पाणी पाहिलें, कीं झालें! परंतु गाडीखालीं चार चाकांपाशीं चार नळकांडीं असतात, त्यांकडे वांकून पाहणारा विरळा. त्यांस धक्काशोषक म्हणतात. मिस्त्रीलोकांच्या बोलण्यांत शॉकअप. हीं नळकांडीं झिजलीं म्हणून गाडी बंद पडत नाहीं कीं फारसा आवाजहि करीत नाहीं. म्हणूनच त्यांचें झिजणें अधिक घातक होय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शॉकअप गाडीचें ओझें पेलतो असें बहुतेकांस वाटतें. वर सांगितलेल्या गाड्यांपुरतें तरी तें खरें नव्हे. ओझें पेलतात ते मागील आंसावरील कमानीचे पाटे व पुढील बाजूच्या स्प्रिंगा. चाक खड्ड्यावरून गेलें कीं पाटा दबतो व त्यांत जोर सांठतो. तो जोर सुटतांना पाटा उसळतो, पुन्हां दबतो, पुन्हां उसळतो. पाळण्यास एकदां झोका दिला कीं तो आपोआप थांबेपर्यंत हालत राहतो, तसाच हा प्रकार. हें हालणें ताबडतोब आवरण्याचें काम धक्काशोषकाचें आहे. त्याच्या पोटांत तेल असतें, व त्या तेलांतून एक दट्ट्या वरखालीं फिरतो. दट्ट्यास बारीक छिद्रें व झडपा असतात. पाठीवरच्या फवारणीच्या पंपाची तोटी बारीक केली म्हणजे दांडा रेटण्यास हातास कसा जोर लागतो, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. तोच न्याय येथें लागू आहे. दट्ट्या जितक्या वेगानें हालेल तितकें तेल त्यास अधिक अडवितें, आणि उसळीचा जोर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडतो. चाक वर येतांना हा अटकाव बहुधा बेताचा व खालीं जातांना अधिक असा ठेवलेला असतो, कारण दबलेल्या स्प्रिंगेची परतीची उसळीच जास्त आवरावी लागते.

आतां महत्त्वाचा मुद्दा. गाडीचें अंग आपल्या स्प्रिंगांवर सेकंदास सुमारें एक ते दीड वेळां डोलतें. चाक मात्र टायर व स्प्रिंग ह्यांच्यामध्यें सेकंदास दहाबारा वेळां थरथरूं शकतें. अंगाचें डोलणें आपणांस आसनावर कळतें. चाकाची थरथर कळत नाहीं, आणि खरा धोका त्या थरथरींतच आहे. कारण चाक क्षणभर जरी रस्त्यावरून उचललें गेलें किंवा हलकें पडलें तरी तेवढा वेळ त्या चाकाचा ब्रेक फुकट जातो, व सुकाणूचा हुकूमहि त्यास पोंचत नाहीं. ब्रेक कितीहि उत्तम असला तरी जें चाक जमिनीस धरून नाहीं तें गाडीस थांबवूं शकत नाहीं. सारांश, धक्काशोषक ही बसणाराच्या सुखाची वस्तु नसून ब्रेकाचाच एक भाग आहे, असें समजून वागावें. नांवांत 'धक्का' आहे म्हणून सर्वांची दृष्टि सुखावर जाते. नांव ठेवणारांनीं येथें थोडा घोटाळाच केला आहे.

पुरंदर तालुक्यांतील अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला. तेथील अंजीर व सीताफळें पुण्याच्या गुलटेकडी येथील बाजारांत येतात, तीं बहुधा सासवडवरून दिवे घाट उतरून. अंजिरासारखें नाजूक फळ उसळत्या गाडींत किती मार खातें हें निराळें सांगणें नको. परंतु फळापेक्षां माणसाचा जीव मोलाचा आहे. आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराची जुनी मोटार क्रेट भरून निघाली कीं मागें बसे व उतारावरील वळणावर डुले. त्यानें एका कारखान्यांत गाडी दाखविली. तेथील मिस्त्रीनें मागें प्रत्येक बाजूस एक जादा पाटा चढवून दिला. गाडी उंच दिसूं लागली, मालक संतुष्ट झाला. पण मागील चाकें खडीवर पूर्वीपेक्षां अधिक उडूं लागलीं व ब्रेक मारतांच गाडीची शेपटी एका बाजूस जाऊं लागली. ह्यांत नवल नाहीं. पाटा जितका ताठ तितकी त्याची उसळी जोरदार, व ती आवरणारा धक्काशोषक तर आधींच मेलेला! पुढें दुसऱ्या जागीं जादा पाटे काढून मागील दोन्ही शॉकअप नवे घातले, तेव्हां गाडी वळणावर स्थिर झाली. तिचें मागें बसणें मात्र पूर्णपणें गेलें नाहीं, कारण तो दोष जुन्या पाट्यांचा होता व त्यांची कमान पुन्हां बसवून घ्यावी लागली. गाडी बसली तर पाटे पाहावे, गाडी नाचली तर धक्काशोषक पाहावे, असा हा भेद आहे.

धक्काशोषक गेला हें ओळखावें कसें? गाडीचा कोपरा दाबून सोडावा, व तो एकदीड हेलकाव्यांत स्थिरावला तर ठीक समजावें, ही परीक्षा सर्वश्रुत आहे. हलक्या मोटारीस ती बरी लागू पडते. परंतु कमानपाट्यांच्या गाडींत पाटे एकमेकांवर घांसत असल्यानें तें घर्षणच हेलकावा थांबवितें, व मेलेला शॉकअप जिवंत भासतो. ह्यास्तव तेवढ्यावर विसंबूं नये. नळकांड्यावर तेलाचा ओघळ असून त्यावर चिखलमातीचा थर बसलेला असेल तर वरचें सील फुटलें असें निश्चित समजावें. नुसता ओलसर पुसट डाग असल्यास घाबरण्याचें कारण नाहीं. टायरावरून तळहात फिरवून पाहावा. ठिकठिकाणीं खळगे पडून टायर उंचसखल झिजला असेल तर तें चाक रस्त्यावर नाचत आहे असें जाणावें. ह्या खुणेवर आमचा विश्वास अधिक आहे. मात्र चाकाचा तोल बिघडला किंवा बेअरिंग ढिलें झालें तरीहि असे खळगे पडतात, तेव्हां तेंहि पाहून घ्यावें. ब्रेक दाबतांच गाडीचें नाक खालीं जाणें व मोठ्या रस्त्यावर आडव्या वाऱ्यानें गाडी डुलणें, ह्याहि खुणाच. आणखी एक युक्ति अशी कीं, खराब रस्त्यावर दहापंधरा किलोमीटर गाडी चालवून थांबल्यावर चारही नळकांड्यांस बोट लावून पाहावें. मागच्या जोडींत एक गरम व दुसरें थंड लागल्यास थंड असेल तें काम करीत नाहीं. धुराड्याची नळी जवळ असते, तिचा चटका मात्र बसूं देऊं नये.

कांहीं कारखानदार ८०,००० किलोमीटरनंतर धक्काशोषक बदलण्याची शिफारस करतात. आपल्या वाड्यावस्त्यांच्या वाटांवर व शहरांतील गतिरोधकांवर त्याआधींच त्यांचा अंत होऊं शकतो. झीज हळूहळू होत असल्यानें चालविणाराचा हात तिला सरावतो, व आपली गाडी बिघडली आहे हें मालकास सर्वांत शेवटीं कळतें. एखाद्या पाहुण्यास चालवावयास देऊन त्याचें मत विचारावें. तो लाजेनें गप्प बसला तर त्याच्या तोंडाकडे पाहावें.

नवा माल घेतांना पुणेंकरांस दूर जाण्याचें कारण नाहीं. नाना पेठेंत मोटारींच्या सुट्या भागांचीं दुकानें आहेत, आणि १९६१ सालीं स्थापन झालेल्या गेब्रिअल इंडिया कंपनीचा धक्काशोषकांचा कारखाना जवळच चाकण येथें आहे. नामांकित मालाची नक्कलहि बाजारांत येते, तेव्हां पक्की पावती घ्यावी व गाडीचें मॉडेल, साल व पुढचा कीं मागचा हें सांगून माल जुळवून घ्यावा. लांबींत थोडा फरक पडला तरी खड्ड्यांत दट्ट्या तळास आपटून नवा शॉकअप लौकर फुटतो. जुन्या नळकांड्यांत तेल भरून, रंग देऊन विकणारेहि आढळतात. तेल नवें झालें तरी आंतील झिजलेली झडप व चरे पडलेला दांडा तसाच राहतो; तो व्यवहार स्वस्त वाटला तरी आम्हांस पसंत नाहीं. शिवाय एका आंसावरील दोन्ही धक्काशोषक एकाच वेळीं बदलावे. एक नवा व एक जुना ठेवल्यास दोन्ही चाकें सारखीं दबत नाहींत व वळणावर गाडीचा नेम राहात नाहीं. एक बैल तरणा व दुसरा म्हातारा जुंपल्यास गाडा कसा चालतो?

बदलण्याचें काम मागील बाजूस सोपें आहे, व पाने वापरण्याची संवय असलेल्या मनुष्यास तें घरीं करतां येईल. आदल्या रात्रीं नटांवर गंज सोडविणारें तेल सोडावें. गाडी सपाट जागीं उभी करून पुढच्या चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड लावावे. उंच गाडींत मागील चाकें जमिनीवर असतांनाच काम होतें, तें उत्तम. चाकें उचललींच तर सांगाड्याखालीं मजबूत लोखंडी स्टँड द्यावे व आंसाखालीं जॅकचा आधार ठेवावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कदापि शिरूं नये. आंसास आधार नसला तर शॉकअप सुटतांच आंस खालीं लोंबतो, व ब्रेकाची रबरी नळी ताणली जाते. नवा धक्काशोषक साधा तेलाचा असेल तर बसविण्यापूर्वीं उभा धरून चारपांच वेळां पूर्ण ओढावा व दाबावा, म्हणजे आंत शिरलेली हवा निघून जाईल. वायु भरलेला असल्यास तो पट्टीनें बांधून येतो व पट्टी कापतांच आपण होऊन लांबतो. तेव्हां हात जपावा. चकचकीत दांडा पकडीनें धरूं नये. त्यावर एक चरा पडला कीं सील कापलें गेलेंच. बुशाचे बोल्ट शेवटचे आवळणें तें चाकें जमिनीवर टेकून गाडीचा भार पडल्यावरच करावें. लोंबत्या स्थितींत आवळल्यास रबर कायमचें पिळलेलें राहतें व थोड्याच दिवसांत फाटतें. पुष्कळ मिस्त्री हें ठाऊक असूनहि घाईंत टाळतात, म्हणून मालकानें जवळ उभें राहावें.

ज्या गाड्यांत पुढील बाजूस स्ट्रट असतो, त्यांची गोष्ट अगदीं वेगळी. २०१२ सालीं आपल्या देशांत आलेली रेनो डस्टर हें तिचें एक उदाहरण. स्ट्रटमध्यें स्प्रिंग व धक्काशोषक एकाच खांबांत गुंफलेले असतात, व चाकास उभें धरण्याचें कामहि त्या खांबाकडेच असतें. त्याच्या माथ्यावरील मधला नट दबलेल्या स्प्रिंगेस कोंडून ठेवतो. स्प्रिंग यंत्रांत घट्ट दाबून धरल्याशिवाय तो नट सोडला तर ती इतक्या जोरानें सुटते कीं मनुष्य प्राणास मुकूं शकतो. हें काम घरीं करूं नये. ज्या ठिकाणीं स्प्रिंग दाबण्याचें चांगलें यंत्र आहे तेथेंच द्यावें. त्याच वेळीं माथ्याचें रबर व बेअरिंगहि पाहून घ्यावें, कारण तीं नंतर बदलावयाचीं तर सारी मजुरी पुन्हां द्यावी लागते. काम चालूं असतां ब्रेकाचा जबडा त्याच्या नळीवर लोंबत ठेवूं नये, तारेनें वर बांधावा. काम पुरें झालें कीं चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. ती टाळल्यास नवीं टायरें महिन्या-दोन महिन्यांत एका कडेस खाल्लीं जातात.

महसूल खात्यांत तीसहून अधिक वर्षें नोंदवह्या लिहिण्यांत गेल्यामुळें असेल, पण गाडीची एक वही ठेवावी असें आम्ही सर्वांस सांगतों. धक्काशोषक घातल्याची तारीख, त्या दिवशींचे किलोमीटर, दुकानाचें नांव व पावती हीं त्यांत असावीं. पांचशें किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट एकदां तपासून तशी नोंद करावी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पुन्हां करून घ्यावी लागते, तेव्हांहि अशी वही जवळ असलेली बरी.

काढलेलीं जुनीं नळकांडीं भंगारवाल्यास देण्यास हरकत नाहीं. मात्र त्यांत तेल, व कित्येकांत दाबाखालचा वायु असतो. तीं चुलींत किंवा वेल्डिंगच्या ज्वाळेखालीं घालूं नयेत, व खुंटी करण्याकरितां कापूंहि नयेत.