आपद्ग्रस्तांविषयीचे संशोधन आणि शासकीय निर्णयप्रक्रिया : किल्लारी भूकंपाच्या अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना

दुष्काळ, भूकंप, कुपोषण, स्थलांतर या विषयांवर विद्यापीठांत व महाविद्यालयांत सातत्याने संशोधन होत असते. प्रबंध ग्रंथालयात जमा होतात, चर्चासत्रांतून शोधनिबंध वाचले जातात. परंतु ज्यांच्याविषयी हे संशोधन झाले त्यांच्याबाबत प्रत्यक्ष निर्णय घेणारे तहसीलदार, जिल्हाधिकारी, मंत्रालयातील सचिव किंवा गावची ग्रामपंचायत यांच्यापर्यंत त्यातील कितीसे ज्ञान पोहोचते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इतर विषयांत संशोधन उशिरा पोहोचले तर त्या विद्याशाखेची प्रगती मंदावते. आपत्तीच्या बाबतीत मात्र या उशिराची किंमत माणसांना मोजावी लागते.

मराठवाड्याला हा प्रश्न परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. या भूकंपापूर्वी उपलब्ध असलेले ज्ञान उपयोगी का पडले नाही, भूकंपानंतर त्यातील काही ज्ञान निर्णयात कसे उतरले आणि काही ज्ञान उशिरा का पोहोचले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्याआधारे नांदेड व लातूर परिसरातील महाविद्यालयांना काय करता येईल याचाही विचार केला आहे.

भूकंपापूर्वीची स्थिती

दख्खनचे पठार हा स्थिर भूभाग आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने या समजास पहिला मोठा धक्का दिला. त्यानंतर १९७० मध्ये भारतीय मानक संस्थेने देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात बदल केला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांचा किल्लारी परिसर मात्र १९९३ पर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रातच राहिला. नकाशात बदल झाला. जेथे हानी व्हावयाची होती तो भाग तसाच राहिला.

१९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात भूकंपाचे सौम्य धक्के वारंवार जाणवले आणि ग्रामस्थांत घबराट पसरली. भूकंपाचे नेमके भाकीत करणे त्या वेळी शक्य नव्हते व आजही ते शक्य नाही. त्यामुळे मोठा धक्का केव्हा बसेल हे कोणी सांगितले नाही, असा आक्षेप घेता येणार नाही. परंतु कोणत्या प्रकारचे घर धक्क्यात टिकत नाही, हे ज्ञान अभियांत्रिकीत निश्चितपणे उपलब्ध होते. भूकंपरोधक बांधकामाविषयीचे भारतीय मानक १९६७ पासून अस्तित्वात होते.

किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांतील घरे प्रामुख्याने दगडमातीची होती. अनघड दगड मातीच्या गाऱ्यात रचून दोन ते तीन फूट रुंदीच्या भिंती उभारल्या जात. भिंतीची आतील व बाहेरील अशी दोन अंगे असत, पण ती एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातले जात. वर लाकडी सांगाड्यावर मातीचे जाड थर टाकून माळवद केलेले असे. उन्हाळ्यात थंडावा देणारे हे माळवद भूकंपात घातक ठरले. धक्क्यासरशी भिंतीची दोन अंगे अलग झाली आणि दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली झोपलेली माणसे गाडली गेली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ रिश्टर, म्हणजे जागतिक तुलनेत मध्यम स्वरूपाची होती. जीवितहानी मात्र प्रचंड झाली. या तफावतीचे एक प्रमुख कारण घरांच्या रचनेत आढळते.

म्हणजेच १९९२ मध्ये दोन गोष्टी ज्ञात होत्या. जमीन हादरत होती आणि अशी घरे हादऱ्यात टिकत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र आणून गावापर्यंत नेण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती. भूकंपमापनाचे काम भूभौतिकी संस्थांचे, मानकांचे काम अभियंत्यांचे, आणि खेड्यातील घर मात्र गवंडी व घरमालक मिळून बांधणार. मानक इंग्रजीत, अभियंत्यांना उद्देशून लिहिलेले होते. गवंड्यापर्यंत ते पोहोचावे अशी व्यवस्थाच नव्हती. शिवाय नकाशावर हा परिसर सर्वांत सुरक्षित क्षेत्रात असल्याने प्रशासनालाही हालचाल करण्याचे कारण दिसत नव्हते.

भूकंपानंतर निर्णयात उतरलेले ज्ञान

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प हाती घेण्यात आला. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे पुनर्वसन करण्यात आले. याखेरीज १३ जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम आखण्यात आला. या टप्प्यावर तांत्रिक ज्ञानाला प्रथमच शासकीय निर्णयात ठळक स्थान मिळाले.

१९९३ या वर्षीच मातीची घरे, कमी ताकदीचे दगडी व विटांचे बांधकाम, तसेच हानी झालेल्या इमारतींची दुरुस्ती व मजबुतीकरण यांविषयीची स्वतंत्र भारतीय मानके प्रसिद्ध झाली. पुढे प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाच्या कार्यातून १९९७ मध्ये देशाचा आपत्ती-असुरक्षितता नकाशासंग्रह तयार झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्यातील घरांच्या भिंती व छपरे कोणत्या प्रकारची आहेत, याची माहिती धोक्याच्या नकाशासोबत मांडण्यात आली. १९९२ मध्ये विलग राहिलेल्या दोन बाबी येथे एकत्र आल्या. २००२ मध्ये मानकातील पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात समाविष्ट झाला.

तांत्रिक ज्ञान गावपातळीवर नेण्यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या माध्यमातून झालेला प्रयत्न विशेष उल्लेखनीय आहे. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. भिंतीवर सिमेंट काँक्रीटचा पट्टा कशासाठी, भिंतीत आरपार दगड का घालावयाचे, माळवदावरील मातीचा भार का कमी करावयाचा, हे त्या घरोघरी समजावून सांगत. लोकांच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत नेण्याचे कामही त्याच करीत. अशा प्रकारे ज्ञान दोन्ही दिशांनी वाहू लागले.

तथापि या कार्यक्रमाचे यश मर्यादित होते हेही नमूद केले पाहिजे. मजबुतीकरणासाठी मिळालेल्या साहाय्यातून अनेक कुटुंबांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधून घेतली. आप्तस्वकीयांचा बळी घेणाऱ्या दगडी भिंतीवर लोकांचा विश्वास उरला नव्हता. ही दगडी भिंत सुरक्षित करता येते, हे तांत्रिकदृष्ट्या सत्य होते. परंतु तेवढ्याने भय दूर झाले नाही. निर्णय केवळ अधिकारी घेत नाहीत, घरमालकही घेतो, हा या अनुभवाचा महत्त्वाचा बोध होय.

उशिरा पोहोचलेले संशोधन

स्थलांतराचा निर्णय आपत्तीनंतर अल्पावधीतच घ्यावा लागला. नव्या वसाहतींची आखणी बहुतांशी सरळ रुंद रस्ते व काटकोनी चौक अशा नागरी पद्धतीने झाली. घराचे क्षेत्र कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरविण्यात आले. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावरील गटास ४५० आणि मोठ्या जमीनधारकांना ७५० चौरस फूट. वाडा, ओसरी, गुरांचा गोठा, धान्य साठविण्याची जागा आणि भावकीचा शेजार यांना या आखणीत पुरेसे स्थान मिळाले नाही.

या परिणामांचा अभ्यास नंतर झाला. रोहित जिज्ञासू यांनी २००२ मध्ये नॉर्वेतील विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात मराठवाड्यातील पुनर्वसित गावांचा विचार केला असून, स्थानिक बांधकामज्ञानाची उपेक्षा झाल्यास लोकांची असुरक्षितता नव्या स्वरूपात शिल्लक राहते, याकडे लक्ष वेधले आहे. हा अभ्यास मोलाचा आहे. पण तो पूर्ण झाला तेव्हा घरे बांधून झाली होती आणि किल्लारीच्या लोकांना त्याचा उपयोग होण्याची वेळ टळून गेली होती.

अर्थात एका ठिकाणी उशिरा आलेले ज्ञान दुसऱ्या ठिकाणी वेळेवर पोहोचू शकते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर गुजरातमध्ये मोठ्या प्रमाणावर स्थलांतर करण्याऐवजी, घरमालकाने शासकीय साहाय्याने व तांत्रिक देखरेखीखाली मूळ जागीच घर बांधावे, या पद्धतीवर भर देण्यात आला. तेथील लोकांनी स्थलांतरास केलेला विरोध हे त्याचे एक कारण होते. लातूरचा अनुभव हेही दुसरे कारण होते. लातूर-उस्मानाबादच्या महिलांनी कच्छमध्ये जाऊन तेथील महिलांना आपले अनुभव सांगितले. शोधनिबंधापेक्षा हे ज्ञान अधिक वेगाने पोहोचले.

गडचिरोलीचा तुलनात्मक अनुभव

संशोधन निर्णयापर्यंत नेण्याचा महाराष्ट्रातील दुसरा ठळक प्रयत्न गडचिरोली जिल्ह्यात आढळतो. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण महिलांमार्फत नवजात बालकांची घरी काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबविली आणि तुलनेसाठी इतर गावांतील नोंदी ठेवल्या. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मात्र संशोधक तेथे थांबले नाहीत. राज्यातील बालमृत्यूंची संख्या शासकीय नोंदींपेक्षा बरीच अधिक आहे, हे दाखविणारा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मध्ये मराठी नावाने लोकांसमोर आला व त्यावर राज्यभर चर्चा झाली. २०११ मध्ये नवजात बालकांच्या गृहाधारित काळजीचा कार्यक्रम आशा कार्यकर्तींमार्फत देशपातळीवर स्वीकारण्यात आला.

आंतरराष्ट्रीय नियतकालिकातील प्रसिद्धी ते राष्ट्रीय कार्यक्रम हे अंतर कापण्यास बारा वर्षे लागली, आणि त्यासाठी तोच निष्कर्ष शास्त्रज्ञ, शासन व सामान्य वाचक यांच्यापुढे वेगवेगळ्या स्वरूपांत मांडावा लागला.

संशोधन निर्णयापर्यंत पोहोचण्याच्या अटी

उपरोक्त अनुभवांवरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. वेळ : प्रत्येक निर्णयाची एक वेळ असते. नियोजनाचा आराखडा संमत झाल्यानंतर आलेला उत्तम अहवालही त्या निर्णयापुरता निरुपयोगी ठरतो.

२. स्वरूप व भाषा : तीनशे पृष्ठांचा प्रबंध तज्ज्ञांसाठी आवश्यक असतो. तहसीलदारास दोन पृष्ठांचे टिपण लागते आणि गवंड्यास भिंतीचे चित्र लागते. तिन्हींचा निष्कर्ष एकच असला तरी मांडणी वेगळी असावी लागते.

३. दुवा : संवाद सहायक किंवा गावातील आरोग्यसेविका यांसारखी विश्वासातील व्यक्ती नसेल, तर ज्ञान कार्यालयातच अडकून पडते.

४. जबाबदारी व तरतूद : कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या निधीतून, काय करावे हे न सांगणारी शिफारस सदिच्छेपुरतीच राहते.

५. विश्वासार्हता : शासनास अप्रिय वाटणारा निष्कर्ष मांडताना नोंदी बिनचूक असाव्या लागतात. एका चुकीच्या आकड्यामुळे संपूर्ण अहवाल बाजूला सारला जाऊ शकतो.

महाविद्यालयांची भूमिका

किल्लारी ही इतिहासजमा घटना नव्हे. नांदेड शहरात २००७ पासून काही वर्षे सौम्य धक्के व भूगर्भातील आवाज जाणवत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे असे आवाज येऊन ग्रामस्थ भयभीत झाले. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड व परभणीपर्यंत जाणवले. हा संपूर्ण प्रदेश १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो.

राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गावोगावी होतात. शिबिराच्या गावातील घरांच्या भिंती कशाच्या आहेत, माळवदावर मातीचा थर किती जाड आहे, सिमेंटचा पट्टा आहे की नाही, याची साधी पाहणी भूगोल, समाजशास्त्र व गृहविज्ञान विभागांच्या विद्यार्थ्यांना करता येईल. मिळालेली माहिती कोणत्या वेळी, कोणाकडे द्यावी याचेही उत्तर उपलब्ध आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडाही दरवर्षी तयार होतो. या दोन्ही प्रसंगांपूर्वी मराठीत लिहिलेले छोटे टिपण सादर झाले, तर ते निर्णयाच्या वेळी पटलावर असेल.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. पाहणीतील कुटुंबांची नावे उघड होऊ नयेत आणि निष्कर्ष सर्वप्रथम त्या गावालाच सांगितले जावेत. ज्यांच्या घरात जाऊन माहिती घेतली त्यांनाच तिचा उपयोग न होणे, हे संशोधनाच्या नीतीस धरून नाही. अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची गणना होते. ते निबंध कोणाच्या उपयोगी पडले याची मात्र पुरेशी नोंद होत नाही. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या वार्षिक अहवालात अशा टिपणांना व त्यांवर झालेल्या कार्यवाहीला स्थान दिल्यास या कामास प्रोत्साहन मिळेल.

समारोप

किल्लारीत ज्ञानाचा अभाव होता असे म्हणण्यापेक्षा ज्ञानाची वाट अपुरी होती, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. भूकंपानंतर ती वाट काही अंशी तयार झाली. मानके लिहिली गेली, नकाशे बदलले, गावातील महिला अभियंत्यांशी बोलू लागल्या. परंतु हे सर्व हजारो मृत्यूंनंतर घडले. मराठवाड्यातील अनेक गावांत दगडमातीच्या भिंती व जड माळवदे अद्याप उभी आहेत आणि त्यांखाली माणसे राहत आहेत. त्यांच्याविषयी ज्ञात असलेली माहिती पुढील धक्क्यापूर्वी योग्य पटलावर पोहोचविणे, हे या परिसरातील अध्यापकांच्या आवाक्यातील काम आहे.