तरोटा की कासविंदा? शेंग पाहून ठरवा

आखरावर, रस्त्याच्या कडेला, पडीत जागेत पिवळं रान माजलं की आपण म्हणतो, तरोटा फुलला. पण नीट पाहा, त्यात कासविंदाही असतो. दोघांचीही फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची. फुलावरून ओळखायला जाल तर फसाल.

देठ हाती घ्या. तरोट्याच्या देठावर लहान पानांच्या तीनच जोड्या, टोकं गोलसर. पहिल्या पावसात भाजीला खुडतो तो हाच. कासविंद्याला जोड्या चार ते सहा, पानं टोकदार. शेंग त्याहून सोपी. तरोट्याची बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, रुंद, कडा फिक्या.

एवढी चौकशी कशाला? २०१६ मध्ये छत्तीसगडपलीकडे, ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात शंभराच्या आसपास पोरं दगावली. काही जपानी मेंदूज्वराने गेली. पण अनेक आजारी मुलांच्या लघवीत कासविंद्याच्या बियांतलं विष आढळलं. पोरं खेळता खेळता शेंगा सोलून बी खातात. विष यकृत, स्नायू आणि मेंदूवर जातं. त्यावर खास उतारा नाही.

ग्रामपंचायतीने शाळा, अंगणवाडीच्या आवारातला कासविंदा शेंग धरण्याआधीच मुळासकट उपटावा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाहावं लागेल, कारण पडलेलं बी उगवतंच. पोराला उलट्या होऊन ते बरळू लागलं, झटके आले, तर झाडफुकीत वेळ घालवू नका. तडक दवाखान्यात न्या, आणि खाल्लेली शेंग डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.