बारा महिन्यांचे घर

घर सजवायचे म्हटले की आपण आधी रंग ठरवतो, मग सोफा, मग पडदे. त्याआधी एक प्रश्न विचारून पाहा. मे महिन्यात दुपारी तीन वाजता, ऑगस्टमध्ये चार दिवस सलग पाऊस असताना आणि जानेवारीतल्या पहाटे या घरात कोण कुठे असेल? याचे उत्तर मिळाले की निम्मी सजावट आपोआप ठरते.

आमच्या इंदूरला हा प्रश्न टाळून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, जानेवारीत पहाटे अनेकदा 10 च्या खाली येतो आणि मध्ये पावसाळा. माळव्याच्या गार रात्रींचे कौतुक आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण ते मोकळ्या गच्चीवर झोपणाऱ्यांचे. दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली ती गार रात्र पोचत नाही.

आमच्याकडे प्रश्न सासूबाईंचा होता. वय 82, खोली पश्चिमेची आणि एसी लावला की गुडघे धरतात. म्हणून दर एप्रिलमध्ये त्यांची पुण्याला धाकट्या दिरांकडे रवानगी व्हायची. "घर माझं, पण उन्हाळा दुसऱ्याच्या दारी," असे त्या हसत म्हणायच्या. ते हसणे आम्हाला टोचायचे. दोन वर्षांपूर्वी घराचे काम काढले तेव्हा आम्ही एकच अट ठेवली: आई बाराही महिने इथे राहिल्या पाहिजेत.

वाट त्यांच्याच बोलण्यातून सापडली. त्यांचे बालपण राजवाड्याजवळच्या एका वाड्यात गेले. तिथे कोणाच्या नावाची खोली नव्हती. उन्हाळ्यात दुपारी माजघर, रात्री गच्ची. थंडीत सकाळी ओसरीवरचे ऊन, रात्री पुन्हा माजघर. ऋतू बदलला की अंथरूण हलायचे. आपण मात्र 'आईंची खोली', 'मुलांची खोली' अशी नावे देतो आणि तिथे भिंतीत ठोकलेला पलंग बसवतो.

म्हणून इंटिरियरवाल्यांनी सुचवलेले जड बॉक्सचे पलंग आम्ही घेतले नाहीत. दोन हलके लाकडी दिवाण घेतले आणि आईंच्या कपड्यांसाठी चाके लावलेले छोटे कपाट केले. गुढीपाडव्याला आई पूर्वेच्या खोलीत येतात. तिथे सकाळी ऊन येते, पण संध्याकाळपर्यंत भिंती निवलेल्या असतात. दिवाळीला त्या पुन्हा पश्चिमेच्या खोलीत जातात. मेमध्ये जी भिंत रात्री दहालाही तव्यासारखी लागते, तीच डिसेंबरात दुपारचे ऊन साठवून रात्री ऊब देते.

पूर्वेची खोली एरवी लेकीची. ती नववीत आहे आणि उन्हाळ्यात तिला हॉलमध्ये झोपावे लागते. पहिल्या वर्षी चांगलीच कुरकुर झाली. शेवटी तिने सौदा केला: हॉलमधला एक कोपरा, त्यावर स्वतःचा दिवा आणि रात्री नऊनंतर टीव्ही बंद. खरे सांगायचे तर या सौद्याचा फायदा सगळ्या घराला झाला.

आता खिडक्यांचे गणित. इंदूर कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला साधारण 44 अंशांवर असतो आणि ऊन हॉलमध्ये चार-पाच फूट आत येते. म्हणून ती खिडकी आम्ही मोकळी ठेवली. तिच्यापुढे सोफा नाही, थंडीत सतरंजी अंथरलेली असते. आईंचे वाटाणे सोलणे तिथेच चालते.

पश्चिमेचे ऊन तिरपे येते, त्याला छज्जा पुरत नाही. तिथे बांबूची चिक लावली, तीही काचेच्या बाहेरून. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर ते काच ओलांडून आत आलेले असते. थंडीत चिक गुंडाळून ठेवतो. गच्चीला दर वर्षी होळीनंतर चुन्याचा पांढरा हात देतो, म्हणजे स्लॅब कमी तापतो.

कूलर आमच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतो, मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी. ओलसर हवा बाहेर गेली नाही तर खोली नुसती चिकट होते. डासांसाठी टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा टाकी कोरडी करून कूलर बाजूला काढावा आणि खिडकी हवेसाठी मोकळी करावी.

पावसाळ्याची खरी लढाई ओलीशी. बाहेरच्या भिंतीला लागून असलेली कपाटे चार बोटे पुढे ठेवली, मागे हवा खेळली पाहिजे. सुताराकडून काम करून घेताना प्लायवूडवरचा शिक्का वाचा. सिंकखाली आणि ओल येणाऱ्या भिंतीशी आयएस 710 चे मरीन प्लाय वापरावे. आयएस 303 मधले साधे एमआर प्लाय कोरड्या खोल्यांसाठी ठीक आहे. जाड गालिचे आणि मखमली पडदे आम्ही घेतलेच नाहीत. सुती पडदे धुऊन एका दिवसात वाळतात.

तुमच्यापैकी अनेकजण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असतील, तिथे भिंती फोडता येत नाहीत. पण पलंगाची जागा बदलता येते, घरमालकाला विचारून चिक टांगता येते, कपाट पुढे सरकवता येते. घर पाहायला जाताना मोबाईलवरचे होकायंत्र उघडा आणि एकदा तरी दुपारी चारला जा. सकाळी प्रसन्न वाटणारी खोली तेव्हा वेगळेच बोलते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडेही उकडतेच, नाही म्हणत नाही. पण सलग दोन उन्हाळे आई घरीच राहिल्या. यंदा मेमध्ये धाकटे दीर-जाऊच मुलांना घेऊन आठवडाभर इकडे आले. रात्री त्यांच्या गाद्या कुठे घालायच्या, हे आईंनीच ठरवले. सगळ्यांना गच्चीवर पाठवले.