पारवे मोजायचा कंटाळा

मोजणीच्या जागी पोचलं की आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. आपल्या चाहुलीनं उडालेली पाखरं परत बसतात, आपलेही कान उघडतात. मग घड्याळ लावायचं. पाच किंवा दहा मिनिटं, एकाच बिंदूवरून, ठरलेल्या अंतरात जे दिसेल आणि ऐकू येईल ते सगळं वहीत. डोक्यावरून सरळ निघून गेलेल्या पाखराची नोंद वेगळ्या रकान्यात. बगळा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेवरून उडाला म्हणून तो शिवाजी पेठेतला होत नाही.

रंकाळा तळ्यावर हे सकाळी लवकर करावं लागतं, नंतर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ वाढते. कुणीतरी थांबतंच. ‘काय बघाय लागलाय?’ ‘पाखरं मोजतोय.’ ‘नवीन काय आलंय?’ पारवे किती झाले, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.

पाण्यावर वारकऱ्यांचा थवा असेल तर आधी दहा मोजायचे, तेवढी जागा नजरेत धरायची आणि तसे किती गट बसतात ते बघायचं. टिबुकली फसवते. बुडते इथं, निघते तिथं. म्हणून एका वेळी जास्तीत जास्त जेवढ्या दिसल्या तोच आकडा धरायचा. केंदाळ पसरलं की जांभळ्या पाणकोंबड्या त्यावरून ऐटीत चालतात. ते काढलं की त्यांचा रकाना आटतो आणि उघडं पाणी लागणाऱ्या पाणकावळ्यांना जागा होते. केंदाळ काढायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण दोन्ही वेळची बेरीज सारखी आली म्हणजे काही बदललं नाही, असं म्हणता येत नाही.

काठाचंही तसंच. दगडी भिंतीवर धोबी शेपूट हलवत फिरतो, ढोकरी ध्यान लावून बसते. शेकाट्याला मात्र घोटाभर पाणी आणि चिखल लागतो. असा चिखल मिळाला तर सांडपाण्याच्या नाल्यातही तो आनंदानं किडे टिपतो, त्यामुळे शेकाटे दिसले म्हणजे पाणी स्वच्छ, हे समीकरण काही जुळत नाही.

कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचं गाव. कपिलतीर्थावर मंडई आली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभं राहिलं. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचतं, तेव्हा जमिनीला जुनी ओळख आठवते. त्या तळ्यांवर कोणती पाखरं उतरत, याची वही माझ्या हाती नाही.

पेठांत मोजणी लवकर उरकते: पारवा, कावळा, साळुंकी, घार. पारव्याचे पूर्वज कड्यांवर राहत. स्लॅबची कड, एसीचा खोका हे त्याला कडेच, वर कुणीतरी धान्यही टाकतं. चिमणीला भिंतीतलं भोक, कौलाखालची सापट आणि पिलांसाठी किडे लागतात. ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या २०२०च्या अहवालात चिमणी देशभर साधारण टिकून असल्याचं दिसलं, सहा महानगरांत मात्र ती घटत होती. आपल्याकडे जुनी कौलारू घरं पडून अपार्टमेंट उभी राहताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

ताराबाई पार्क, नागाळा पार्कात जुन्या बंगल्यांची झाडं अजून आहेत. तांबट घरट्यासाठी वाळकी, भुसभुशीत फांदी कोरतो. धनेशाला आयती मोठी ढोली हवी. पावसाळ्याआधी तारांना लागते म्हणून पहिल्यांदा तोडली जाते ती वाळकी फांदीच. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात रोपं लावतात, पण रोपाला ढोली नसते. ती यायला कित्येक दशकं जातात, आणि हा हिशेब वृक्षतोडीच्या अर्जावर कुठंच मांडलेला मी पाहिला नाही.

इथं आणखी एक घोळ होतो. रहदारी वाढली की तांबटाचं खालच्या पट्टीतलं ‘टुक टुक’ बुडून जातं. मग वहीत पडणारं शून्य पक्ष्याचं की आपल्या कानाचं? नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या भागातले टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, असं २००३ साली दिसून आलं होतं. सगळ्यांनाच पट्टी बदलता येत नाही. म्हणून गोंगाट निदान सारखा राहावा यासाठी प्रत्येक बिंदूची वेळ दरवेळी तीच ठेवायची.

शिवाजी विद्यापीठाच्या ८५३ एकरांत वही पटापट भरते. मोर, टिटवी, राजाराम तलावावरची पाणपाखरं. टिटवी उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालते. कापलेली हिरवळ तिच्या कामाची नाही, पण आपल्याला ‘सुशोभीकरण’ म्हटलं की हिरवळच दिसते!

५ नोव्हेंबर हा वन्यजीव अभ्यासक मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा जन्मदिवस. या दोन दिवसांमधल्या आठवड्यात राज्यात पक्षी सप्ताह असतो. तेव्हा मोठ्या लेन्सवाली मंडळी येतात, एखादं दुर्मिळ पाखरू टिपतात आणि जातात. आमच्याबरोबर मोजणीला येणाऱ्या नवीन मुलांची कुरकुर असते, पारवे कशाला मोजायचे? कारण दहा वर्षांनी कुणी या वह्या उघडल्या, तर पेठांतल्या त्या चार प्रकारांनी बाकीच्यांची जागा कशी घेतली, हे त्याच कंटाळवाण्या आकड्यांतून कळणार आहे. पारवे गाळलेली यादी आम्ही ‘अपूर्ण’ असा शेरा मारून बाजूला ठेवतो.