विश्लेषण : फोनच्या टायमरमधली चूक, दोन ओळींची दुरुस्ती

वर्तकनगर नाक्यावर भाजीचे पैसे देणे असो की बँकेचा ओटीपी, सगळे काही फोनवर. बहुतेकांच्या हाती असतो अँड्रॉइड फोन आणि त्याचा गाभा असतो लिनक्स कर्नल. या कर्नलच्या टायमरमधील एका त्रुटीचा मोजक्या लोकांना लक्ष्य करून गैरवापर होत असल्याची चिन्हे आहेत, असे गूगलने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले. त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०२५-३८३५२.

टायमरचे काम काय?

प्रोसेसरमधील हार्डवेअर टायमर सेकंदाला साधारण शंभर ते हजार वेळा कर्नलला ‘ठोका’ देतो. ‘मी प्रोसेसरचा इतका वेळ वापरला की मला कळव,’ असे सांगणारे टायमर प्रोग्रॅम लावू शकतात. अशा एखाद्या टायमरची मुदत भरली का, हे कर्नल ठोक्यागणिक तपासतो. भरली असेल तर टायमर यादीतून काढून प्रोग्रॅमला संदेश पाठवतो.

चूक कुठे होती?

म्हाडाच्या एखाद्या जुन्या इमारतीची कल्पना करा. वॉचमनने एका खोलीसाठीची निरोपाची चिठ्ठी हातात घेतली. त्याच क्षणी भाडेकरू खोली सोडून गेला. ‘आता इथे कोणी नाही,’ असे समजून सेक्रेटरीने त्याच्या चिठ्ठ्या रद्द केल्या. वॉचमनच्या हातात एक चिठ्ठी आहे, हे त्याला कळलेच नाही.

फोनमध्ये नेमके हेच झाले. बंद होत असलेल्या प्रोग्रॅमचा टायमर एकीकडे वापरात होता आणि दुसरीकडे तोच पुसला जात होता. दोन कामांपैकी कोण आधी पोहोचते यावर निकाल ठरतो, तेव्हा तिला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. पुसलेल्या मेमरीच्या जागी हल्लेखोराने स्वतःची माहिती बसवली, तर त्याला फोनचे जादा अधिकार मिळू शकतात. मात्र त्यासाठी आधी एखाद्या अ‍ॅपमार्फत फोनमध्ये शिरकाव व्हावा लागतो.

दुरुस्ती कशी झाली?

कर्नल विकासक ओलेग नेस्तेरॉव्ह यांनी जून २०२५ मध्ये केलेली दुरुस्ती जेमतेम दोन ओळींची आहे. प्रोग्रॅम बाहेर पडू लागला असेल, तर ठोका आल्यावर त्याच्या टायमरना हात लावायचा नाही. म्हणजे वॉचमनने चिठ्ठी उचलण्यापूर्वीच भाडेकरू निघाला का ते पाहायचे.

इतकी छोटी चूक सापडायला वेळ का लागतो? दोन्ही कामे एकाच सूक्ष्म क्षणी जुळली तरच ती दिसते. नेहमीच्या चाचणीत फोन बिनतक्रार चालतो.

तुम्ही काय कराल?

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहा. ५ सप्टेंबर २०२५ किंवा त्यानंतरची असेल, तर दुरुस्ती पोहोचली आहे. १ सप्टेंबरची तारीख पुरेशी नाही, कारण कर्नलच्या दुरुस्त्या ५ तारखेच्या टप्प्यात होत्या. जुन्या फोनला अपडेट मिळणेच बंद झाले असेल, तर त्यावर बँकेचे व्यवहार टाळा आणि अनोळखी लिंकवरून आलेले अ‍ॅप घेऊ नका.