पांढऱ्या वाघांची स्क्वाड्रन : वेल्समधल्या ब्रॉडीपासून दाबोळीपर्यंत

राजेंद्र नगरहून गाडी निघाली की थोड्याच वेळात महू येतं. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला पायदळ, रेजिमेंट, छावणी हे शब्द घरचे वाटतात. नौदल मात्र लांबचं. त्यात नौदलाची विमानं म्हटलं की बरेच जण विचारतात, ‘विमानं तर हवाई दलाची ना?’ या प्रश्नाचं उत्तर एका स्क्वाड्रनच्या इतिहासातून चांगलं देता येतं. तिचा क्रमांक ३००, टोपणनाव ‘व्हाइट टायगर्स’, म्हणजे पांढरे वाघ.

जन्म परदेशात

इंग्रजांच्या नौदलात विमानांची वेगळी शाखा होती, फ्लीट एअर आर्म. जहाजावरून उडणाऱ्या तिच्या लढाऊ स्क्वाड्रन ८०० च्या मालिकेत मोजल्या जात. आपल्या नौदलाने साचा तोच घेतला, पण आकडे आपले ठेवले. जहाजावरच्या लढाऊ तुकड्यांना ३०० ची मालिका मिळाली. त्यातली पहिली तुकडी जुलै १९६० मध्ये वेल्समधल्या ब्रॉडी या ब्रिटिश नौदलाच्या विमानतळावर उभी राहिली.

विमान होतं सी हॉक. एक इंजिन, एक वैमानिक, चार तोफा, आणि जहाजाच्या पोटात मावावं म्हणून दुमडणारे पंख. ब्रिटिशांची पहिली सी हॉक स्क्वाड्रन, ८०६ क्रमांकाची, १९५३ साली याच ब्रॉडीत तयार झाली होती. १९५६ च्या सुएझ प्रकरणात ब्रिटिश जहाजांवरून सी हॉक उडाले आणि इजिप्तच्या विमानतळांवर तुटून पडले. त्या हल्ल्याचा भारताने कडक निषेध केला होता. पुढे चारच वर्षांत तेच विमान आपल्या नौदलाचं पहिलं लढाऊ जेट झालं.

जहाजाचीही कथा तशीच. दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेलं ‘हर्क्युलिस’ युद्ध संपल्यावर अर्धवट पडून राहिलं. १९५७ मध्ये भारताने ते विकत घेतलं, बेलफास्टच्या गोदीत पुरं करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ ला ते ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झालं. पहिले कप्तान प्रीतम सिंग. त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी विक्रांतवर पहिलं जेट उतरवलं. हेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले.

हालत्या पट्टीवर विमान उतरतं कसं?

विक्रांतची लांबी सुमारे २१३ मीटर. त्यातही उतरायला मिळणारी जागा आणखी कमी, आणि ती लाटांवर वरखाली होत असते. ब्रिटिशांच्या तीन युक्त्यांमुळे हे जमलं. पहिली, तिरकी धावपट्टी : तार पकडता आली नाही तर वैमानिक पुढे उभ्या विमानांवर न आदळता पुन्हा उडून जाऊ शकतो. दुसरी, आरशाची खूण : त्यातला दिवा पाहून उतरण्याचा कोन बरोबर आहे की नाही ते वैमानिकाला कळतं. तिसरी, वाफेचं कॅटापल्ट : जहाजाच्या बॉयलरमधली वाफ विमानाला गलोलीतल्या खड्यासारखं पुढे फेकते.

उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर ताणलेल्या तारेत अडकतो आणि विमान काही क्षणांत थांबतं. उडताना जहाज वाऱ्याच्या दिशेला तोंड करून शक्य तितक्या वेगाने धावतं, म्हणजे पंखांखाली आयता वारा मिळतो. थोडक्यात, बॉयलर धड नसेल तर वाफही कमी आणि वेगही कमी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडलं होतं.

गोवा

विक्रांत नोव्हेंबर १९६१ मध्ये मुंबईला आली आणि महिन्याभरात गोवा मुक्तीची मोहीम सुरू झाली. तेव्हा आरमाराचे प्रमुख अधिकारी होते मराठी माणूस, रिअर ॲडमिरल भास्कर सोमण. पुढे १९६२ मध्ये ते नौदलप्रमुख झाले. विक्रांत समुद्रात पहाऱ्यावर राहिली, तिच्या विमानांना हल्ला करावा लागला नाही. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते हवाई दलाच्या कॅनबेरांनी. गंमत बघा, पोर्तुगीजांची तीच दाबोळी पुढे या स्क्वाड्रनचं घर झाली. ‘हंसा’ हा नौदलाचा विमानतळ १९६४ मध्ये कोइमतूरजवळच्या सुलूरहून तिथे हलला.

१९६५ च्या युद्धात विक्रांत मुंबईला दुरुस्तीसाठी गोदीत होती. ती बुडवल्याची बातमी पाकिस्तानने दिली. नौदलाच्या लोकांना हे फार लागलं होतं.

१९७१ : भेगा गेलेला बॉयलर

आणि सहा वर्षांनी पुन्हा तीच पाळी येणार असं दिसू लागलं. विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला भेगा गेल्या होत्या. वेग घटला होता, वाफेचा भरवसा नव्हता. जहाज बंदरातच ठेवावं असं म्हणणं चुकीचं ठरलं नसतं. पण नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी तिला लढाईत उतरवायचं ठरवलं. पश्चिमेऐवजी तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं आणि अंदमानकडे लपवून ठेवलं. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली.

४ डिसेंबरला सकाळी आठ सी हॉक उडाले आणि कॉक्स बाजारच्या विमानतळावर चालून गेले. त्याच दिवशी चित्तगाँवचीही पाळी आली. पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला, बंदरं, जहाजं. ३०० चे प्रमुख होते लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता. जोडीला ३१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची अलिझे विमानं होती. पूर्व पाकिस्तानची समुद्रवाट बंद झाली. कप्तान स्वराज प्रकाश आणि गुप्ता, दोघांनाही महावीर चक्र मिळालं.

सी हॅरियर आणि त्यानंतर

१९८३ मध्ये सी हॉकच्या जागी सी हॅरियर आले. हे विमान उभ्या उभ्या उतरायचं, म्हणून तार नको आणि कॅटापल्टही नको. विक्रांतवर आपल्या नौदलाचं पहिलं सी हॅरियर उतरवलं अरुण प्रकाश यांनी. तेही पुढे नौदलप्रमुख झाले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात सी हॅरियर घेऊन लढलेलं ब्रिटिशांचं ‘हर्मिस’ जहाज १९८७ मध्ये आपलं ‘विराट’ झालं, आणि जिथून ब्रिटिशांची ८०० क्रमांकाची स्क्वाड्रन उडायची तिथून आपली ३०० उडू लागली. ११ मे २०१६ ला हॅरियर निवृत्त झाले. आता पांढऱ्या वाघांकडे मिग-२९के आहेत.

उरलं काय?

विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत तिच्यावर संग्रहालय होतं. ते २०१२ मध्ये बंद झालं आणि २०१४ मध्ये जहाज भंगारात गेलं. तिचं थोडं पोलाद बजाजने ‘व्ही’ मोटारसायकलींत वापरलं. आपल्या गल्लीतही एखादी उभी असेल. विमानं मात्र वाचली आहेत. गोव्याला गेलात तर दाबोळीजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक, अलिझे, सी हॅरियर जवळून बघता येतात. मुलांना जरूर न्या. आणि घरात, नात्यात कुणी नौदलात नोकरी केली असेल, तर त्यांच्याशी आत्ताच बोला, फोटोंच्या मागे नावं आणि सालं लिहून ठेवा. एवढं मोठं जहाज आपल्याला राखता आलं नाही, निदान त्यावरच्या माणसांच्या आठवणी तरी राखू या.